गावाकडच्या ओळखीची माणसं

वालूर, रविवार, २६ जून १९८३

विशाखाचं नाव औरंगाबादच्या कॉलेजच्या यादीत लागलं. सायन्सला. खरं तर आज मी आनंदात असायला हवं होतं, पण दुपारपासून मी एकटीच भांडते आहे आणि बाकीचे निवांत भाकरी खाताहेत.

पुढच्या सोमवारी कागद घेऊन कॉलेजात हजर व्हायचं. पण पोरीनं राहायचं कुठं? वसतिगृहाची यादी लागेपर्यंत दिवाळी उजाडते. सख्खा काका तिथं राहतो, सरकारी नोकरीत आहे, दोन खोल्यांचं बिऱ्हाड आहे. त्याला विचारा, हे मी यांच्या कानीकपाळी महिनाभर ओरडते आहे. पण हे पडले पंचायत समितीतले कारकून. कुठल्याही गोष्टीवर आधी धूळ बसू देतात, मग ती झटकतात.

माझे धाकटे दीर तात्याराव गावाला येतात ते एकटेच. सकाळच्या गाडीनं येतात, संध्याकाळच्या गाडीनं जातात. बायको शकुंतला आणि मुलगी मिनू यांना आणत नाहीत. मिनूला मी पाहिली ती पाळण्यात. त्यांनी औरंगाबादला ही नवी खोली घेतल्यापासून आम्हाला एकदा बोलावलेलं नाही. साहेब झालेत. आत्याबाईंना मात्र, म्हणजे माझ्या सासूबाईंना, त्याचं काही नाही. लेकाचं नाव निघालं की म्हातारीचा चेहरा उजळतो. आम्ही रोज भाकर घालतो, त्याचं कौतुक कोणाला?

शेवटी संध्याकाळी यांनीच तोड काढली. शनिवारी सगळेच जाऊ. रविवारी पोरीला शहर दाखवू, आत्याबाईंना डोंगरावरची बुद्धलेणी दाखवू, सोमवारी कॉलेज उरकून परत येऊ. आणि तात्यारावांना तोंडावर विचारू, म्हणजे नाही म्हणायची सोय राहणार नाही.

मलाही तरुणपणी औरंगाबादलाच शिकायचं होतं. शहरात ठेवून घेणारं कोणी नव्हतं, म्हणून ट्रेनिंग करून मास्तरीण झाले. नोकरीबद्दल माझी तक्रार नाही, पण मला व्हायचं होतं ते हे नव्हतं. विशाखाच्या बाबतीत मी असं होऊ देणार नाही.

बुधवार, २९ जून

तात्यारावांचा यांच्या कचेरीत फोन आला होता. या म्हणाले. पण दिवेलागणीला या, आणि दारात जयभीम घालू नका, नुसता नमस्कार करा म्हणाले.

हे सांगताना यांना हसू येत होतं. मला नाही आलं. घरच्या माणसांनी कधी यायचं आणि काय म्हणायचं हे आता साहेब ठरवणार. मी म्हटलं, आल्यावर सलाम ठोकायचा का तेही विचारून घ्यायचं होतं. हे म्हणाले, "तुला पोरीची सोय करायची हाय का भांडण करायचंय?"

दोन्ही करायचं आहे.

औरंगाबाद, शनिवार, २ जुलै

सकाळची शाळा सुटल्या सुटल्या निघालो. सेलूची गाडी, तिथून देवगाव फाटा, फाट्यावर जालन्याच्या गाडीची वाट बघत उन्हात बसलो. आत्याबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं आणि ते चुरगळू नये म्हणून त्या गाडीत अर्धा वेळ उभ्याच राहिल्या. विशाखा खिडकीपाशी. तिला बोलावं तर हूं म्हणते, पुढे नाही. या वयात मुली फार शिष्ट होतात.

जालन्याला गाडी बदलायची होती. हे म्हणाले, आलोच आहोत तर बाजार बघू. मिनूसाठी फ्रॉक घ्यायचा ठरलं. दुकानदारानं विचारलं, किती वर्षांची मुलगी, केवढी उंच? आम्ही एकमेकांकडं बघत राहिलो. आत्याबाईंनी मांडीपाशी हात धरला आणि म्हणाल्या, एवढी असंल. त्या मापाचा पिवळा फ्रॉक घेतला.

आता इथलं लिहिते.

रिक्षा दारात थांबली तेव्हा बरोबर दिवे लागत होते. दारावर पाटी आहे, "टी. एस. वालूरकर". आम्ही खंदारे. माझ्या नवऱ्याचं, सासऱ्यांचं, शाळेच्या दाखल्यावर विशाखाचं आडनाव खंदारे. एकाच आईच्या पोटचे दोन भाऊ, त्यातला एक शहरात येऊन गावाचं नाव लावून बसला. मी पाटी वाचली आणि माझ्या डोक्यात सगळा उजेड पडला. इथं कोणाला माहीत नाही. म्हणून जयभीम नको, म्हणून दिवेलागण.

शेजारच्या ओट्यावर घराच्या मालकीणबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, कोण आलंय वालूरकर? तात्याराव बाहेर आले होते. एकदा आईकडं पाहिलं, एकदा रिक्षाकडं, आणि म्हणाले, "गावाकडच्या ओळखीची माणसं आहेत."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्याबाई पुढं झाल्या. दोन्ही हात जोडून म्हणाल्या, "आमी सायबाच्या शेतावर असतो, बाई."

ज्या माणसाच्या नावावर वीतभर रान नाही त्याला म्हातारीनं उभ्या उभ्या शेत देऊन टाकलं. आणि कसलीही अडचण नसल्यासारखी! मालकीणबाईंनी कौतुकानं मान हलवली. बागायत आहे का, असंही विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, विहीर हाय.

आत गेल्यावर शकुंतलेनं आधी खिडकी लावली, मग पडदा ओढला आणि मग आत्याबाईंच्या पाया पडली. पडद्याआड पाया पडण्यात काय मोठेपण? सगळ्यांशी कुजबुजल्यासारखं बोलते. मला वाटतं आमच्या आवाजाचीसुद्धा तिला लाज वाटते. भिंतीवर फक्त लक्ष्मीचं कॅलेंडर. चादर काढायला तिनं कपाट उघडलं तेव्हा साड्यांच्या मागं बाबासाहेबांची तसबीर दिसली, मऊ फडक्यात गुंडाळलेली. साड्यांच्या मागं! मी पाहिलं हे तिनं पाहिलं आणि पटकन कपाट लावलं.

फ्रॉक मिनूच्या डोक्यातून खाली उतरला नाही. पाच वर्षांची आहे, पोटापाशी येते माझ्या. आत्याबाई तिला मांडीवर घ्यायला गेल्या तर ती म्हणाली, "बाई, तुम्ही शेतात राहता का?"

म्हातारी हो म्हणाली. हसली पण.

मला आत्याबाईंचा इतका राग आजवर कधी आला नव्हता. लेकानं नाकारलं तर आईनं चिडावं, रडावं, निदान गप्प बसावं. ही तर त्याच्या खोट्याला टेकू देते आहे. आयुष्यभर हिला धाकट्याचंच कौतुक, थोरल्यानं काय पाप केलं होतं?

रविवार, ३ जुलै

सकाळी पाणचक्की पाहिली. हौदातले मासे पाहून आत्याबाई खूश झाल्या. तात्याराव बरोबर नव्हते. एकत्र निघायचं नाही असं ठरलं होतं. आम्ही पुढं जायचं, ते तिघं मागून स्कूटरवर येणार आणि डोंगराच्या पायथ्याला भेटणार. आपल्याच माणसांना भेटायला असं चोरासारखं.

डोंगर विद्यापीठाच्या मागं आहे. वर जायला पायऱ्या आहेत, पण उंच उंच. आभाळ आलेलं, वारा नाही, घामाच्या धारा. आत्याबाईंनी वहाणा पायथ्यालाच काढून पदरात बांधल्या. मी म्हटलं लेणी अजून लांब आहेत, दगड टोचतील. त्या म्हणाल्या, "देवळात कोनी चढू दिलं न्हाई आजपोतर. हे आपलं हाय. हितं कशाला वहाना घालू?" गुडघ्यावर हात ठेवत एकेक पायरी चढल्या. विशाखा सगळा वेळ त्यांच्या मागं, पडल्या तर धरायला.

वरच्या एका लेण्यात मोठी बुद्धमूर्ती आहे आणि तिच्यासमोर दगडातलीच माणसं गुडघे टेकून, हात जोडून बसलेली आहेत. आत्याबाई त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. आत दुसरं कोणी नव्हतं. तात्याराव आले, बूट काढले, आणि आईच्या पायावर डोकं ठेवलं ते बराच वेळ उचललंच नाही. आत्याबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मी बाहेर निघून आले. डोंगरावर चढून पाया पडायला काय लागतं? खाली अंगणात पडून दाखवा.

भाकरी, मिरचीचा ठेचा, शेंगा असं सोडून बसलो. वर आल्यावर शकुंतला एकदम वेगळीच झाली. मोठ्यानं हसली, यांच्या ताटातली भाकर घेतली. मिनूला आत्याबाईंच्या मांडीवर बसवलं. मी मनात म्हटलं, ढोंगी बाई, घरी का नाही जमत?

जेवण झाल्यावर मी विषय काढला. तात्यारावांनी सगळा विचार करून ठेवलेला होता. विशाखानं खुशाल राहावं, तिच्या शिक्षणाला ते कमी पडू देणार नाहीत. पण पुतणी म्हणून नाही. गावाकडच्या ओळखीच्या माणसाची मुलगी, शिकायला आली, घरात थोडी मदत करते. काका म्हणायचं नाही, साहेब म्हणायचं. कोणी आडनाव विचारलंच तर गायकवाड सांगायचं, कारण गायकवाड सगळ्या जातींत असतात.

खाली विद्यापीठाच्या इमारती दिसत होत्या. माझा तोल गेला. मी म्हटलं, "भाऊजी, त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून लोकांनी लाठ्या खाल्ल्या, घरं जाळून घेतली. आन तुमी सोताचं आडनाव पुसून बसलात?"

ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, विद्यापीठाला घरमालक नसतो."

किती ठिकाणी खोल्या बघितल्या, आडनाव सांगितल्यावर कशी दारं लागली, हे त्यांनी सांगितलं. मग शकुंतला बोलायला लागली. अठ्ठ्याहत्तर साली ती बाळंतपणाला माहेरी होती. वस्ती पेटली त्या रात्री ती आणि तिची आई ज्वारीच्या रानात बसून होत्या. मिनू पंधरा दिवसांची, रडू नये म्हणून तोंडावर हात दाबून धरलेला. सकाळी हात काढला तेव्हा पोर जिवंत आहे का हे बघायची तिला हिंमत होत नव्हती. तेव्हापासून खिडकी उघडी असली की तिला झोप येत नाही म्हणे.

वाईट झालं, नाही म्हणत नाही. पण त्या साली कोणाचं बरं झालं होतं? म्हणून काय सगळ्यांनी नावं बदलली?

मी विशाखाकडं पाहिलं. ती दगडावर बसून पायातला काटा काढत होती. जणू बोलणं दुसऱ्याच कोणाचं चाललं आहे. यांनी भाकरीचं फडकं बांधलं आणि सगळ्यांच्या पुढं डोंगर उतरायला लागले. मग मीच बोलले. पायथ्याला आल्यावर तात्यारावांना हो म्हणून टाकलं.

दोन वर्षांचा प्रश्न आहे. बारावीला मार्क पडले, मेडिकलला गेली, की मग काय ते आडनाव छातीवर मिरवू दे. मी विशाखाला बाजूला घेऊन नीट समजावलं. शिकायचं तर थोडं गिळावं लागतं म्हटलं. ती हूं म्हणाली.

औरंगाबाद बसस्थानक, सोमवार, ४ जुलै

बाकावर बसून लिहिते आहे. हे आणि विशाखा कॉलेजात गेले आहेत. आत्याबाई शेजारी बसल्या आहेत, माझ्याकडं पाठ करून.

सकाळी अंगणात वास सुटला होता. पाण्याच्या टाकीमागं मांजर मरून पडलं होतं. मालकीणबाई नाकाला पदर लावून आल्या. तात्याराव ओट्यावर दाढी करत होते, हे कागद लावत होते, विशाखा वेणी घालत होती. मालकीणबाईंनी आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि आत्याबाईंपाशी आणून थांबवली. आवाज गोडच होता. म्हणाल्या, झाडणारा आलेला नाही, तुम्ही शेतावरच्या, तुम्हाला सवय असेल, तेवढं मांजर उचलून पलीकडं टाकून या.

आमच्या लोकांनी छप्पन सालानंतर मेलेलं ओढायचं सोडलं. माझ्या सासऱ्यांनी गावच्या पाटलाचा मेलेला बैल ओढायला नकार दिला, त्यापायी त्यांचा हात मोडला गेला, तो मरेपर्यंत सरळ झाला नाही. हे मला दुसऱ्या कोणी नाही, आत्याबाईंनीच सांगितलेलं आहे. त्या आत्याबाई उठल्या. पदर खोचला आणि म्हणाल्या, एखादं पोतं द्या.

तात्यारावांच्या गालावर साबण तसाच होता. यांच्या हातातले कागद तसेच. आणि मी? मी पुढं होऊन म्हातारीला खाली बसवू शकत होते. मी मनात म्हटलं, मांजरच आहे, बैल नाही. कॉलेज उघडायला थोडाच वेळ होता. एवढं निभावलं की पोरीची सोय झाली, असा हिशेब माझ्या डोक्यात चालू होता आणि तो बरोबरच होता.

विशाखानं आजीच्या हातातलं पोतं काढून घेतलं आणि खाली ठेवलं. अर्धी वेणी सुटलेली. मालकीणबाईंना म्हणाली, "ही माझी आजी हाय. काकांची सख्खी आई. आमी खंदारे हावोत. आमच्यात मेलेलं ओढत न्हाईत."

मी तिला मारलं. थोबाडीत, सगळ्यांच्या देखत. पाचही बोटं उठली.

ती रडली नाही. माझ्याकडं अशी बघत राहिली की मी पुन्हा हात उचलला असता, पण यांनी धरला.

मालकीणबाई काही ओरडल्या नाहीत. असं का, एवढंच म्हणाल्या. मग नळाखाली शकुंतलेनं भरून ठेवलेली बादली त्यांनी पायानं आडवी केली, आणि म्हणाल्या, "वालूरकर, महिनाअखेर खोली रिकामी करा. माझ्या घरात खोटं चालत नाही."

तात्याराव तोंड धुऊन, स्कूटर काढून निघून गेले. शकुंतला दारात उभी होती. ती आत वळली आणि तिनं खिडकी उघडली, दोन्ही दारं भिंतीला टेकवून. घर बुडत होतं आणि या बाईला हवा हवी होती. मला तिचं काही कळत नाही.

आम्ही निघालो तेव्हा मांजर तिथंच होतं.

रस्त्यात मी आत्याबाईंना म्हटलं, तुम्ही उठलाच नसता तर काही झालं नसतं. शनिवारी तुम्ही शेतावरची बाई झालात, तिथूनच हे सुरू झालं. मला वाटलं त्या रडतील. त्या रस्त्यातच थांबल्या.

"हात उचलायचाच व्हता तर माझ्यावर उचलायचा. उठले तर मी व्हते," त्या म्हणाल्या. "त्यानं मला वळख न्हाई दिली तवा मला बी लागलं, सुला. पर मी रुसले असते तर लेकरानं कोनाकडं बघितलं असतं? तू तर पोरगी खरं बोलली म्हनून मारलीस."

तेव्हापासून पाठ करून बसल्या आहेत. यांनी पोरीला हाताला धरून कॉलेजात नेलं. प्रवेश घेऊन ठेवतो म्हणाले, राहायचं मागून बघू. यांचं हे मागून बघणं मला पहिल्यांदाच बरं वाटलं. पण उपयोग काय?

वालूर, गुरुवार, ७ जुलै

प्रवेश झाला आहे. कॉलेज अठरा तारखेला सुरू. राहायला जागा नाही.

विशाखा सगळी कामं करते. पाणी आणते, भाकरी थापते, मला ताट वाढते. बोलत नाही. मी आज शाळेत चौथीच्या वर्गावर विनाकारण ओरडले. एका मुलीनं गणित चुकवलं म्हणून हात उगारला आणि तसाच खाली घेतला.

मला राग आहे, आणि तो कोणाकोणाचा हे मांडायला बसले तर पान पुरणार नाही. त्या मालकीणबाईचा आहेच. तात्यारावांचा आहे. आत्याबाईंचा आहे, कारण त्या माझ्याशी आता गोड बोलतात. पोरीचा आहे. तिला शहाणपण दाखवायला तोच दिवस सापडला? दोन तास थांबता येत नव्हतं?

आरशात बघून केस विंचरत होते तर हे मागून म्हणाले, तू मारलंस तेव्हा तुझा चेहरा बघायला पाहिजे होतास. काय होतं चेहऱ्यावर, विचारलं तर पिशवी उचलून कचेरीत निघून गेले.

मंगळवार, १२ जुलै

वसतिगृहाचं विचारून आले हे. नाव नोंदवून ठेवलं. दिवाळीचं मी म्हटलं होतं तेच.

पोरीनं पुस्तकांना कव्हरं घातली आहेत. प्रत्येकावर पूर्ण नाव, विशाखा सूर्यभान खंदारे, ठळक. मुद्दाम माझ्या नजरेसमोर टेबलावर रचून ठेवली आहेत. कव्हरांच्या कागदाची चकचकीत बाजू आत गेली आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

शनिवार, १६ जुलै

दुपारच्या गाडीनं शकुंतला आली. एकटी, मिनूला घेऊन. उन्हानं लाल झालेली, हातात पिशवी. दारातच मोठ्यानं जयभीम म्हणाली. शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल एवढ्यानं.

त्यांनी दुसरी खोली घेतली आहे. लेण्यांच्या डोंगराच्या बाजूला, आपल्याच लोकांच्या वस्तीत. एकच खोली, वर पत्रे, नळ सार्वजनिक. तात्याराव कोणाशी बोलत नाहीत म्हणे. कचेरीतून येतात आणि भिंतीकडं तोंड करून पडतात. दारावर पाटी अजून लावलेली नाही. जुनी फेकली नाही, नवी केली नाही. त्यांना न विचारता ती आली आहे.

मी सरळ विचारलं, का आलीस? मनात आलं होतं की मिनूला सांभाळायला कोणी नसेल, फुकटची मुलगी बरी सापडते.

ती म्हणाली, "पोरीला न्यायला आले, जाऊबाई. सोमवारी कॉलेज हाय ना?"

"तिच्यामुळं घर गेलं तुमचं."

"गेलं," ती म्हणाली. "मी त्या घरात कधी मोठ्यानं शिंकले पण न्हाई." आणि मिनूला आत्याबाईंपुढं ढकलून म्हणाली, ही आजी आहे, बाई नाही. मिनूनं थोडा विचार केला आणि आजीबाई म्हणाली. आत्याबाईंना तेवढं पुरलं. तिला घेऊन शेळी दाखवायला गेल्या.

मला शकुंतलेबद्दल बरं वाटावं असं सगळ्यांना वाटत होतं, हे मला दिसत होतं. मला नाही वाटलं. हे तिला त्या सकाळी दारात उभं राहून बोलता आलं नसतं का? मग मला आठवलं की मीही तिथंच उभी होते, आणि मी तर खिडकी उघडी ठेवून निवांत झोपणारी. त्याचा आणखी राग आला. चहा जरा आदळूनच ठेवला तिच्यापुढं. तिनं निमूट प्याला.

संध्याकाळी विशाखाची पेटी भरली. उद्या पहाटेच्या गाडीनं निघायचं. मी दोन परकर घड्या घालून ठेवले, चिवड्याचा डबा ठेवला, डोक्याला तेलाची बाटली ठेवली. ती पुस्तकं लावत होती. बारा दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून बोलली.

"आई, तिथं कोनी विचारलं कोनाची म्हनून, तर काय सांगायचं?"

मी म्हटलं, आता काय विचारायचं त्यात?

"मेडिकलला विचारतील. दुसरी खोली घ्यायची वेळ आली तर विचारतील. आत्ताच सांगून ठिव. मागून मारू नको."

तिचा आवाज चढलेला नव्हता. गाल माझ्या बाजूला होता. आता त्यावर काही नाही, पण मला जागा माहीत आहे.

मी म्हटलं, "खरं सांग."

"आन खोली गेली तर?"

"तर मी रजा टाकून येईन आन दुसरी बघीन."

"ती बी गेली तर?"

तेलाच्या बाटलीचं बूच घट्ट बसत नव्हतं. मी ते पिळत राहिले आणि शेवटी म्हटलं, तर तिसरी बघीन.

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, माझ्या वर्गातली एखादी मुलगी पाहते तसं, बाई आज खरंच शिकवणार आहेत की नाही हे जोखत. विश्वास बसल्यासारखी दिसली नाही. पेटीचं झाकण लावलं, कडी घातली आणि आजीजवळ झोपायला गेली.